व्हिएन्ना: ट्रामने द्राक्षबागा आणि वाईन, एका दिवसाचा बेत (सोबत माळकरी बाबा)

कादवाकाठ
नमस्कार मंडळी. आई-बाबा सप्टेंबरमध्ये आमच्याकडे म्युनिकला येत आहेत. महिनाअखेरीस चौघं मिळून रेल्वेने व्हिएन्नाला जाणार आहोत. चार दिवसांपैकी एक अख्खा दिवस शहरातल्या द्राक्षबागांसाठी राखून ठेवलाय. नवरा आणि मी वाईन चाखणार, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायचा प्रश्नच नाही. सगळं ट्रामने करायचं आहे.

घरची परिस्थिती सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. बाबा निफाड तालुक्यातले, पस्तीस वर्षं द्राक्षं करतात. माळकरी आहेत, वाईनच्या थेंबाला शिवणार नाहीत. पण या सगळ्या सहलीत त्यांची मागणी एकच आहे: "तिकडची बाग दाखव." आई शाकाहारी, आणि तिचे गुडघे दुखतात.

मी केलेला बेत असा: सकाळी १० वाजता ३१ नंबरच्या ट्रामने श्टामर्सडॉर्फ, १२ ला नुसडॉर्फ, २ ला ग्रिनत्सिंग, ४ ला नॉयश्टिफ्ट, ६ ला फारप्लात्स या चौकात संगीतकार बेटहोवेन राहिला होता ते घर आणि तिथेच जेवण. जमेल का? आणि खरं सांगायचं तर मनात अजून एक आहे. माळकरी माणसाला दिवसभर वाईनच्या ठिकाणी बसवणं बरं दिसेल का?

डोनाकिनारी
मी अकरा वर्षं व्हिएन्नात आहे, नुसडॉर्फपासून चालत दहा मिनिटांवर राहते. बेत मनापासून केलाय हे दिसतंय, पण असा करू नका.

पहिली गोष्ट, श्टामर्सडॉर्फ डॅन्यूबच्या पलीकडे आहे आणि बाकीची चारही ठिकाणं अलीकडे. शहराच्या मध्यातल्या शोटेनरिंगपासून तिथे जायलाच अर्धा तास उलटतो, परत यायला तेवढाच. नॉयश्टिफ्टला तर ट्राम जातच नाही, बस घ्यावी लागते. तुमचा निम्मा दिवस गाड्या बदलण्यात जाईल.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी १० वाजता तुम्हाला सगळीकडे बंद दारं दिसतील. इथल्या वाईनघराला होयरिगर म्हणतात. होयरिग म्हणजे यंदाचं. घरची, यंदाची वाईन जिथे मिळते ते होयरिगर, आणि वाईनलाही तेच नाव. आठवड्याच्या दिवसांत बहुतेक जागा दुपारी दोन-तीननंतर उघडतात, शनिवार-रविवारी बारापासून. शिवाय लहान घरं बारा महिने उघडी नसतात. महिन्यातले दोन-तीन आठवडे उघडतात, मग बंद करून बागेतल्या कामाला लागतात. उघडं असलं की दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगतात आणि पाटी लावतात, "आउसग्श्टेक्ट". जुडी दिसली की आत जा, नाही दिसली की पुढे चला. प्रत्येकाचं वर्षाचं वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर असतं, ते बघूनच दिवस ठरवा.

ही पद्धत जुनी आहे. १७ ऑगस्ट १७८४ रोजी सम्राट दुसरा योसेफ याने फर्मान काढलं की आपण पिकवलेलं अन्न, वाईन आणि फळांचा रस कुणीही, केव्हाही, आपण ठरवलेल्या भावाने विकावा. बागायतदाराने मधला व्यापारी वगळून थेट आपल्या अंगणात बाकं टाकली, ती आजवर आहेत. तुमच्या बाबांना हे आवर्जून सांगा. द्राक्षाचा भाव बागेत कोण ठरवतो हा निफाडमधला रोजचाच विषय असणार.

तिसरी गोष्ट म्हणजे पोटाचा हिशोब. इथे वाईन अख्टलने मागवतात, म्हणजे लिटरचा आठवा भाग, १२५ मिली. पाच ठिकाणी दोन-दोन अख्टल घेतले तर माणशी सव्वा लिटर होते. चौथ्या ठिकाणी कुठली वाईन काय चवीची हे कुणालाच कळत नसतं. एक डोंगर धरा, दोन होयरिगर, फार तर तीन, आणि मधे भरपूर चालणं. व्हिएन्नात द्राक्षबाग बघायची खरी रीत तीच आहे, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

सह्याद्रीवेडा
वर डोनाकिनारींनी लिहिलंय त्याला अनुमोदन, फक्त श्टामर्सडॉर्फ यादीतून काढलं याचं वाईट वाटतंय. उलट बाकीचं सगळं काढा आणि तेच ठेवा! ३१ ची ट्राम गावाच्या तोंडाशी सोडते. तिथून केलरगासे नावाचा रस्ता बिसामबेर्ग डोंगराकडे चढतो, दोन्ही बाजूंना जमिनीत खोदलेली वाईनची तळघरं, पुढे लहानशी पांढरी दारं. पर्यटकांच्या बसेस तिकडे फार वळत नाहीत. मी गेलो तेव्हा शेजारच्या बाकावर एक कुटुंब आजीचा वाढदिवस करत होतं. त्यांनी आम्हाला केक दिला.

डोनाकिनारी
सह्याद्रीवेडा, श्टामर्सडॉर्फ मलाही आवडतं, आणि माती बघायची असेल तर तिकडची लोएस, वाऱ्याने आणून टाकलेली पिवळी मऊ माती, बघण्यासारखीच आहे. पण हे लोक पहिल्यांदा येत आहेत. नुसडॉर्फच्या वरच्या नुसबेर्ग डोंगरावर बाग, खाली डॅन्यूब आणि पलीकडे अख्खं शहर एका नजरेत येतं. बाबांनी एकच बाग बघायची तर ती नुसबेर्गची, चुनखडीच्या जमिनीतली.

तळ्यातमळ्यात
कादवाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो. माझे वडीलही माळकरी होते. होयरिगर हे बार नाही हो. तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात, लाकडी बाकं, डोक्यावर वेलीचा मांडव, मुलं अंगणात खेळतात. न पिणाऱ्यासाठी ट्राउबनझाफ्ट, म्हणजे द्राक्षाचा ताजा रस, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मिळतो, आणि तो घरच्याच द्राक्षांचा असतो. न मागता कुणी वाईन पुढे करणार नाही. बाबांना आधीच सगळं स्पष्ट सांगा आणि त्यांना ठरवू द्या. पस्तीस वर्षं द्राक्ष पिकवणारा माणूस आहे, ते तिकडे बागायतदार म्हणून जातील.

मंगलमूर्ती७१
आईंच्या जेवणाविषयी, कारण मी यात एकदा चांगलीच फसले आहे. (जागेचं नाव घेत नाही, चूक माझ्या न विचारण्याची होती.) बटाट्याचं सॅलड शाकाहारी समजून दोन वेळा घेतलं आणि नंतर कळलं की त्यात गोमांसाचं पाणी घालतात. व्हिएन्नातली ती रीतच आहे. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. ब्रेडवर लावायला जे पांढरं मऊ ठेवलेलं असतं ते बऱ्याचदा डुकराची चरबी असते, त्याला श्माल्त्स म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा.

निर्धास्तपणे खाण्यासारखं: लिप्टाउअर, चक्क्यासारख्या चीजमध्ये लाल तिखट, कांदा, शहाजिरं घातलेलं असतं, पण त्यात क्वचित अँकोव्ही मासा असतो, तेवढं विचारा. साधं चीज, काकडीचं सॅलड, काळा ब्रेड, मुळा. गोडात सफरचंदाचा श्ट्रुडल. फराळाच्या टेबलावर बोट दाखवून मागायचं, बऱ्याच ठिकाणी वजनावर देतात. वाईन आणि पाणी मात्र बाकावर आणून देतात.

सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, पण ती डोंगरावर वाटेत खा. होयरिगरमध्ये बाहेरचं उघडणं बरं नाही, त्यांचं पोट त्यावरच आहे.

कादवाकाठ
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! बाबांना फोनवर १७८४ चं फर्मान सांगितलं. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं केलं त्या राजानं."

बेत बदलला. फक्त नुसबेर्गचा डोंगर. पण चढ आईला झेपणार नाही. वर बसने जाऊन खाली चालत आलो तर?

मंगलमूर्ती७१
गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट. स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगते. बस वर जाते तो कालेनबेर्ग डोंगर ४८४ मीटर, नुसडॉर्फ नदीकाठाला लागून. तीनशे मीटरचा उतार आईंना उतरायला लावू नका.

डोनाकिनारी
मंगलमूर्तीताईंचं बरोबर आहे. मग दोन तुकड्या करा. मी माझ्या आई-बाबांना घेऊन असंच केलं होतं.

साडेदहाला शोटेनटोरहून ३८ ची ट्राम. ग्रिनत्सिंग हा तिचा शेवटचा थांबा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिथे ३८ए ची बस घ्या, ती कालेनबेर्गच्या माथ्यावर जाते. शेवटचा रस्ता दगडी फरशांचा आहे, बस थोडी थरथरते, आईंना पुढच्या बाजूला बसवा. वर गच्चीवरून शहर बघा. १२ सप्टेंबर १६८३ ला पोलंडचा राजा सोबिएस्की याच डोंगरावरून खाली उतरला आणि व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठला. आपल्याकडे तेव्हा संभाजीराजांचा काळ. दशम्या इथेच खा.

मग एक तुकडी त्याच बसने खाली, फारप्लात्सच्या जवळच्या थांब्याला. दुसरी तुकडी चालत, कालेनबेर्गर श्ट्रासे धरून नुसबेर्गच्या बागांमधून. न थांबता तास-सव्वा तास, पण बाबा सोबत असतील तर दोन तास धरा. उन्हाचा दिवस असेल तर मध्येच बागेत बाकं टाकलेली असतात, तिथे पहिला अख्टल. खाली आलात की एरोइकागासे ही गल्ली थेट फारप्लात्सवर आणते. तिथे सगळे एकत्र. जेवण, दुसरा अख्टल, आणि अंधार पडायच्या आत नुसडॉर्फहून डी ट्राम. ती कार्ल मार्क्स होफच्या समोरून जाते, एक किलोमीटरहून लांब एकच इमारत, १९३० ची, कामगारांच्या घरांची, उजेड असेल तर नक्की बघा. पुढे जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावरून संसद, ऑपेरा. तुमचं हॉटेल ऑपेराजवळ असेल तर एकाच गाडीत घरी.

तिकीट चोवीस तासांचं घ्या. कागदी असेल तर पहिल्या वेळी निळ्या यंत्रात छाप मारायला विसरू नका, छाप नसेल तर तिकीट नसल्यासारखंच. नव्या ट्रामचा तळ रस्त्यापासून वीसेक सेंटिमीटरच वर असतो, आईंना चढायला काही त्रास होणार नाही.

आणि हो, सप्टेंबरअखेर बहुतेक वर्षी वाईन-चालण्याचा शनिवार-रविवार असतो. नॉयश्टिफ्ट ते नुसडॉर्फ बागांमधून वाट, जागोजाग टेबलं. मजा असते, पण गर्दी प्रचंड. बाबांना वेलीपाशी निवांत बसायचं असेल तर तो सोडून आधीचा गुरुवार-शुक्रवार धरा.

सह्याद्रीवेडा
एक सावधगिरीचं. त्या दिवसांत श्टुर्म मिळतो, अर्धवट आंबलेला द्राक्षरस, गढूळ, गोड, फसफसता. पिताना सरबत वाटतं आणि उठताना पाय सांगतात. ग्लास वर करताना "प्रोस्ट" म्हणायचं नाही, "मालत्साइट" म्हणायचं, कारण श्टुर्म अजून वाईन झालेला नाही. बाटली विकत घेतलीत तर आडवी ठेवू नका. आंबणं चालूच असतं म्हणून तिला घट्ट बूच नसतंच, नुसतं झाकण. मी पाठपिशवीत आडवी ठेवली आणि ३१ च्या ट्राममध्ये पुस्तक, स्वेटर, शेजारच्या बाईंची पर्स, सगळं चिकट. त्या बाईंनी स्वतःचे रुमाल काढून दिले, याची अजून लाज वाटते.

आणि बाबा ट्राउबनझाफ्ट मागतील तेव्हा तो श्टुर्म नाही ना, हे दोनदा विचारून घ्या. रंग जवळजवळ सारखाच दिसतो.

तळ्यातमळ्यात
हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. लिहिल्याबद्दल आभार.

कादवाकाठ, चाखायला सुरुवात गेमिश्टर झात्सपासून करा. ती व्हिएन्नाची आपली वाईन. एकाच बागेत निरनिराळ्या पांढऱ्या जाती मिसळून लावतात, एकत्र तोडतात, एकत्रच पिळतात. २०१३ पासून हा नियम आहे: किमान तीन जाती हव्यात, कुठलीही एक निम्म्याहून जास्त नको, तिसऱ्या क्रमांकाची किमान दहा टक्के हवी. पूर्वी हा शेतकऱ्याचा विमा होता. एक जात थंडीने गेली, फुलोऱ्यात पावसाने गेली, तरी दुसरी हाताशी राहायची. काही लवकर पिकतात, काहींत आंबटपणा टिकून असतो, आणि पेल्यात ते एकमेकांना सांभाळून घेतात. दुसरा अख्टल ग्र्युनर फेल्टलिनर या पांढऱ्या जातीचा. उन्हाचं फिरायचं असेल तर निम्मी वाईन, निम्मा सोडा, गश्प्रित्स्टर म्हणून मागा.

कादवाकाठ
(तीन आठवड्यांनंतर)
आलो! उशीर झाला लिहायला, आई-बाबांना परवाच विमानात बसवलं.

गुरुवारी गेलो. डोनाकिनारींचा बेत अक्षरशः तसाच पाळला, दोन तुकड्या केल्या. नवरा आणि आई बसने खाली, मी आणि बाबा चालत. बाबा दर वर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जातात, त्यांना हा उतार म्हणजे काहीच नव्हता. पण सव्वा तासाच्या वाटेला आम्हाला पावणेतीन तास लागले.

पहिल्या बागेपाशी ते थांबले ते थांबलेच. आधी माती. खाली बसून एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, आत पांढरे खडे. "पाणी धरत नाही ही. म्हणून मणी बारीक." मग वेलीचं खोड, जिथे कलम बांधलंय ती गाठ त्यांना लगेच दिसली. "खुंटावर आहेत, आपल्यासारख्याच." मी वाचून गेले होते, सांगितलं की मुळं खाणारी कीड ऑस्ट्रियात १८७२ मध्ये आली आणि तेव्हापासून अमेरिकन वेलीच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, कलम करावं लागतं. ते म्हणाले, आमचा डॉगरिज खुंट पण तिकडचाच, अमेरिकेतला.

पुढच्या ओळीत त्यांना काहीतरी खटकलं. एका वेलीचं पान गोल, जवळजवळ अखंड. शेजारच्या वेलीचं पान पाच ठिकाणी खोल कापलेलं. तिसरीवर घडाचा रंग फिकट गुलाबी, बाकी दोन्ही हिरवट पिवळे. "हे भेसळ झालंय," म्हणाले, आणि खरंच काळजीच्या आवाजात. रोपवाटिकेने फसवलं असं त्यांना वाटलं. मग मी तळ्यातमळ्यातांनी लिहिलेलं सगळं सांगितलं. ते ओळीच्या टोकापर्यंत गेले, पानं मोजत परत आले. म्हणाले, "एक जात डावणी रोगाने गेली तर दुसरी राहते. आम्ही सगळी थॉमसन ही एकच जात लावली आणि २००९ च्या पावसात सगळाच गेला." त्या वर्षाबद्दल ते घरी कधीच बोलत नाहीत.

एक मजूर तिथेच घड तोडत होता. मी दुभाष्याचं काम केलं. बाबांनी विचारलं, वर्षाला किती छाटण्या? तो म्हणाला, एकच, हिवाळ्यात. बाबांनी दोन बोटं दाखवली, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळाची. तो माणूस कात्री खाली ठेवून बघतच राहिला. आपल्याकडे वेल थंडीने झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने झोपवावं लागतं, हे बाबांनी मला सांगितलं आणि मी त्याला सांगितलं. त्याने बाबांना पाच-सहा मणी दिले. बाबांनी एक चाखला, बी दाताखाली चावली, मान हलवली. "साखर आहे, पण बी अजून हिरवी. चार दिवस थांबायला हवं." मजूर म्हणाला, या ओळीनंतर ते थांबणारच होते.

वाटेतल्या बाकांवर मी गेमिश्टर झात्सचा एक अख्टल घेतला, बाबांनी रस (दोनदा विचारून!). ती वाईन मी आधी बाटलीतून प्यायले आहे, पण ज्या पानांमधून आत्ताच चालून आले त्याच जागी बसून पिणं वेगळंच. आधी सफरचंदासारखी चव, मग थोडी मिरी, शेवटी खडूसारखं काहीतरी जिभेवर राहतं. नवऱ्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आईने लिप्टाउअर तिसऱ्यांदा घेतलंय, लवकर या.

आईचं सगळं छान झालं. मंगलमूर्तीताई, "श्माल्त्स" हा शब्द तिने चार वेळा वापरला आणि दोनदा उपयोगी पडला.

एक गोष्ट चुकली, पुढच्यांसाठी लिहून ठेवते: आम्ही बागेत एवढा वेळ घालवला की डी ट्राम पकडली तेव्हा अंधार झाला होता, कार्ल मार्क्स होफ दिसलंच नाही.

डोनाकिनारी
वाचताना डोळे भरून आले. मी त्या वाटेने आठवड्यातून दोनदा जाते आणि पानांचे आकार कधी बघितले नव्हते. काल मुद्दाम गेले. बाबांना सांगा, गोल पानाच्या वेली त्या ओळीत मला सात सापडल्या.

वाटसरू_पुणे
वाचनखूण साठवली. आम्ही जानेवारीत जातोय. तेव्हा डोंगरावर काही असतं का?

डोनाकिनारी
वरच्या बागांतली बाकं तेव्हा नसतात, पण खाली गावात काही होयरिगर उघडे असतात, आत शेगडी पेटवून. वेळापत्रक बघा. आणि बागा ओसाड नसतात, तेव्हा छाटणी चालू असते. डी ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून वर चढा, थंडीत ओळीओळीने माणसं काड्या कापताना दिसतील. कादवाकाठ, पुढच्या वेळी बाबांना छाटणीलाच आणा.

कादवाकाठ
आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, जानेवारीत कसं शक्य आहे, तेव्हा आपली काढणी असते. मग थोड्या वेळाने त्यांचाच पुन्हा फोन आला: तिथली छाटणी मार्चपर्यंत चालते का विचार.